आक्कांचा वरचा सूर

महिला दिनाच्या कार्यक्रमात सोसायटीतल्या एका बाईंनी मला माइकवर विचारलं, "ताई, तुम्हाला चाली सुचतात कशा?" मी म्हणाले, "मेथी निवडताना." हॉलभर हशा पिकला. मी विनोद केला नव्हता. हात गुंतलेले असले आणि डोकं रिकामं असलं की चाल येते. पेटीपुढे बसून मुद्दाम बोलावली तर रुसलेल्या पाहुण्यासारखी दारातच उभी राहते. यापलीकडे त्या विषयावर मला काही सांगता येत नाही, आणि ज्यांना तासभर सांगता येतं त्यांच्या चाली मला आवडत नाहीत.

त्यांचा दुसरा प्रश्न तयारच होता. "तुमच्यावर प्रभाव कोणाचा?" मी गुरुजींचा म्हणाले आणि खाली बसले. तेवढंच बोलायचं असतं अशा ठिकाणी.

खरं उत्तर जरा लांबचं आहे. पेटी मला धाराशिवकडच्या आमच्या गावी गुरुजींनी शिकवली हे बरोबर. चुकलं की बोटांवर फूटपट्टी, बरोबर आलं तर काहीच नाही. पण लोक आज "तुमचा हात किती हलका हो" म्हणतात, तो हलकेपणा गुरुजींचा नव्हे. तो माझ्या नवऱ्याच्या तिसऱ्या शिफ्टनं दिला. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही तळवड्यात एका खोलीत राहायचो. नवरा चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. रात्रभर काम करून सकाळी कंपनीच्या बसनं यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. खोली एकच. तो घोरतोय आणि माझी बोटं शिवशिवतायत. मग भाता जेमतेम हलवायचा, पट्टी अर्धीच दाबायची, माझ्यापुरता सूर निघेल एवढाच वारा. त्यानं कूस बदलली की थांबायचं. अशी काही वर्षं वाजवल्यावर हात हलका नाही होणार तर काय होणार?

शेजारी सगळी लहान लहान वर्कशॉपं होती. तिथल्या ग्राइंडरचा एक सूर दिवसभर लागलेला असायचा, पेटीवरच्या काळी दोन आणि पांढरी तीन या पट्ट्यांच्या मधे कुठंतरी, कुठल्याच पट्टीत न बसणारा. त्याच्या नाकावर टिच्चून आपला सा धरून ठेवायचा हा माझा रियाज. सुराच्या बाबतीत मी हट्टी आहे, भांडखोर आहे असं म्हणतात. असेन. त्या ग्राइंडरशी भांडण्यातच माझी उमेदवारी गेली.

पुढे आम्ही चऱ्होलीत फ्लॅट घेतला. तेव्हा आजूबाजूला शेतं होती, आमची एकच बिल्डिंग मधे उभी. गावातल्या बायकांचं भजनी मंडळ दर गुरुवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात बसायचं. त्यांची पेटी वाजवणारी बाई मुलाकडे राहायला गेली होती, म्हणून कुणीतरी मला घेऊन गेलं. तिथं आक्कांशी पहिली गाठ पडली. आक्का म्हणजे गावातल्या जुन्या घरच्या, मंडळ त्यांनीच उभं केलेलं. उंच, सावळ्या, कपाळावर आडवं कुंकू, आणि बसल्या तरी उभ्या असल्यासारख्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठली गं तू?"

"धाराशिवची."

"लांबची हाय. सूर लागतो का तिकडं?"

"लागतो. आणि लागला की उतरत नाही," मी म्हणाले.

आक्का मोठ्यांदा हसल्या, मांडीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "बस. वाजीव." त्या दिवसापासून मी 'पेटीवाली' झाले. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आक्कांचा आवाज गोड नव्हता. हे मी स्पष्ट सांगते, कारण माणूस म्हातारं झालं की लोक त्याचा आवाज मागे जाऊन गोड करतात. पातळ आणि धारदार आवाज होता. तरुणपणी कांद्याची पोती टेम्पोत टाकून त्या स्वतः चाकणच्या बाजारात जायच्या, आडत्याशी भाव करायच्या. त्या गलक्यात ऐकू जाणारा आवाज देवापुढे एकदम मऊ कसा होईल? पट्टी काळी पाच. बायकांनासुद्धा ती उंच पडते. पण त्यांना दुसरी कुठली चालायची नाही.

आमच्या मंडळाची गाण्याची एक रीत होती आणि ती त्यांचीच. अभंगाचं शेवटचं कडवं आलं की आक्का एकट्या वरच्या सा वर जायच्या. गेल्या की तिथंच थांबायच्या. ढोलकी बंद, टाळ बंद. एक हात वर. तो हात वर असेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. त्यांनी हात खाली टाकला की सगळ्यांनी एकदम धृपद उचलायचं आणि मग टाळांचा असा काही कल्लोळ व्हायचा की देवळातले पारवे उडायचे. त्या वरच्या जागेसाठी पुढं बसायचा मान असतो. पुढची म्हणजे वर जाणारी. बाकीच्या तिच्या मागं.

मला तो सूर पटायचा नाही. त्या सा च्या केसभर वर लागायच्या. मी एकदा धीर करून म्हणाले, "आक्का, तुम्ही चढता."

"मी चढत न्हाई. तुझी पेटी बसती."

"पेटी कशी बसेल? ती लाकडाची आहे."

"मग लाकडाला काय कळतंय?"

आमचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. दर गुरुवारी नव्हे, पण अमावास्या-पौर्णिमेला तरी नक्की. दरम्यान शेतं गेली, टॉवर आले. आक्कांच्या घरापुढं मोठी गाडी उभी राहिली, मुलगा जमिनीच्या धंद्यात शिरला. आक्कांनी मात्र घरामागं थोडी जागा ठेवली होती, तिथं कोथिंबीर आणि कांदा करायच्या. नव्या टॉवरमधल्या बायकाही मंडळात आल्या, लातूरच्या, जळगावच्या, कोकणातल्या. प्रत्येकीला एकच अभंग आपापल्या गावच्या चालीत येतो. पहिले काही महिने नुसता गोंधळ. शेवटी आक्कांनी निकाल दिला, "ज्याच्या त्याच्या गावाला ज्याची त्याची चाल. हितं पेटीवाली सांगंल ती." त्या एका वाक्यामुळं मी चाली बांधायला लागले. मला कुणी दैवी प्रेरणा वगैरे दिली नाही. भांडणं मिटवायला कुणीतरी पाहिजे होतं.

मग आक्कांच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडची. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आमचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की तिथून आवाजाची नस जाते, उंच सुरांचं पुढं काय होईल ते आत्ता सांगता येणार नाही, काही महिन्यांत परत येतील किंवा येणारही नाहीत. बोलणं चांगलं झालं. जरा घोगरं, पण चांगलं. महिने गेले. वरचं काही परत आलं नाही. पंचमाच्या पुढं गेलं की आवाजाच्या जागी नुसता वारा.

मंडळात कुजबुज सुरू झाली. वाईट बायका नाहीत हो त्या. कुणीच उघड बोललं नाही. पण आक्कांना टाळ धरायला दिला गेला, मग उन्हाचं कारण काढून सतरंजी जरा मागं सरकवली गेली, आणि गावातल्याच दुसऱ्या एका घरच्या सुनेला "तू घे गं आज वरचं" असं म्हटलं जाऊ लागलं. सुनेचा आवाज छान होता, मोकळा. ती बिचारी आक्कांकडं बघत बघत गायची. आक्का टाळ वाजवायच्या आणि समोरच्या खांबाकडं पाहायच्या. मला ते बघवेना. इतकी वर्षं ज्या केसभर चढ्या सुरावरून मी भांडले तो सूर गेल्यावर माझाच जीव वर-खाली होत होता.

तेव्हा मी ठरवलं की आक्कांच्या उरलेल्या गळ्यात बसेल अशी चाल बांधायची, म्हणजे त्या पुढं बसतील.

पट्टी खाली आणली, काळी चारवर. वापरायचे फक्त सा ते प. पंचमाच्या वर काही नाही. एवढ्याशा जागेत चाल बांधणं म्हणजे एका खोलीत संसार करण्यासारखं आहे, आणि त्याचा मला अनुभव होता. मोठ्या खोलीत माणूस फिरतो, लहान खोलीत प्रत्येक वस्तूची जागा ठरवतो. मी प्रत्येक सुराची जागा ठरवली. ग नंतर लगेच म नाही घ्यायचा, आधी रे ला शिवून यायचं, म्हणजे म आला की तो उंच वाटतो. पंचमावर फक्त दोनदा जायचं, तेही शब्दाच्या शेवटी, म्हणजे श्वासाला वेळ मिळेल. कितीतरी भाज्या निवडल्या मी त्या आठवड्यांत. घरात एवढा पालक झाला की नवरा म्हणाला, "बाई, चाल लवकर बांध."

चाल चांगली झाली. माझ्या आजवरच्या चालींमध्ये सगळ्यात चांगली. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. अडचण असली की चाल सुधारते, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

आक्कांना मी घरी जाऊन शिकवली. त्यांनी ऐकून घेतली, दोन गुरुवारांत बसवली, बऱ्यावाईटाचं काही बोलल्या नाहीत. मंडळाला मात्र फार आवडली. सतरंजी परत पुढं आली. आक्का पुढं बसल्या. मला इतकं बरं वाटलं की मी घरी जाऊन गोडाचा शिरा केला.

पहिला कार्यक्रम एका वास्तुशांतीचा होता. आता आमच्या मंडळाला अशी बोलावणी फार येतात. नवीन फ्लॅट झाला की सत्यनारायण, त्यानंतर दुपारी बायकांचं भजन. हा फ्लॅट उंच टॉवरमध्ये होता, तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाचा. आई कोकणातली. हा टॉवर आक्कांच्या विकलेल्या शेतावर उभा होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत, यजमानांना नाही. लिफ्टमधून पेटी, ढोलकी आणि आम्ही तीन खेपांत वर गेलो. आक्का गॅलरीत गेल्या, खाली वाकून बघितलं आणि यजमानीणबाईंना म्हणाल्या, "हितं आमचा कांदा असायचा."

बाई म्हणाल्या, "होय? पण किचन तर तिकडं आहे ना हो!"

आम्ही पोट धरून हसलो. आक्काही हसल्या. वातावरण छान होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय.

माझी चाल शेवटी ठेवली होती. आक्कांनी सुरुवात केली आणि खोली हळूहळू गप्प झाली. घोगऱ्या आवाजात, खालच्या पट्टीत, ते शब्द असे येत होते की जणू कुणी जवळ बसून सांगतंय. यजमानीणबाई डोळे पुसायला लागल्या. आयटीतला मुलगा मोबाइल खाली ठेवून बसला. मी मनात म्हणाले, जमलं.

शेवटचं कडवं आलं. ह्या चालीत वर जायचंच नव्हतं, म्हणून मी तिथं थांबा ठेवला नव्हता. आम्ही तालमीत सरळ पुढं जायचो. पण तालीम वेगळी आणि भरल्या घरातलं भजन वेगळं. भजन रंगलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं सगळ्या बायका शेवटच्या कडव्याला थांबल्या. ढोलकी थांबली. टाळ थांबले. आणि सवयीनंच आक्कांचा हात वर गेला.

हात वर, तोंड उघडं, आणि आवाज नाही.

मी काय केलं? पेटीवाली काय करते? गाणारीचा सूर कमी पडला की पेटी भरून काढते, बोटं आपोआप तिथं जातात, विचार करायला वेळच नसतो. मी वरचा सा दाबला. भरपूर भाता घेऊन, लांब, सरळ, सुरेल सा. आक्कांच्या वरच्या सा च्या जागी, आक्कांचा हात वर असताना, पेटी गायली. लोकांना वाटलं असंच बसवलंय. कुणीतरी "वा!" म्हणालं. आक्कांनी हात खाली टाकला, बायकांनी धृपद उचललं, टाळांचा गजर झाला, सगळं साजरं झालं. साडीचोळी झाली, लाडू झाले. यजमानीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "काय ती पेटी वाजवलीत हो!"

परतीला मी आक्कांच्या गाडीत होते. मुलगा गाडी चालवत होता. आक्का काचेतून बाहेर बघत होत्या. त्यांच्या घराशी गाडी थांबली तेव्हा उतरता उतरता म्हणाल्या, "चाल चांगली हाय गं. पन ती माझ्यासाठी न्हाई बांधलीस. माझ्या गाठीसाठी बांधलीस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी काही बोलायच्या आत त्या घरात गेल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी आक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. "तब्येत बरी नसंल," बायका म्हणाल्या. सून पुढं बसायला लागली. कुणीतरी सुचवलं की सिनेमाच्या एखाद्या चालीवर अभंग बसवू या, नवीन पोरींना सोपं पडेल. मी नाही म्हणाले, पण माझ्या नाही मध्ये पूर्वीचा जोर राहिला नव्हता. राग मात्र खूप होता. सुरुवातीला तो आक्कांवर होता. एवढं सगळं मी कुणासाठी केलं? आभार राहिले बाजूला, वर टोमणा! घरी भांडी आपटली. नवऱ्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. तो पायमोजे काढत होता. मोजे बुटांत कोंबत म्हणाला, "आमच्याकडं एखाद्याच्या पाठीला लागलं की त्याला हलकं काम देतात. स्टोअरला बसवतात. पगार तोच असतो. पण तो माणूस कँटीनमध्ये पुन्हा आमच्या टेबलावर येत नाही."

एवढं बोलून तो आंघोळीला गेला.

मी गुरुवारची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी आक्कांकडं गेले. त्या मागच्या अंगणात कांद्याची पात काढत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, मी आपली बसले आणि पात काढू लागले. थोड्या वेळानं मीच म्हणाले, "आक्का, माझं चुकलं. तो सा मी वाजवायला नको होता."

"सा चं न्हाई गं काय," त्या म्हणाल्या. "तू वाजवलंस ते ब्येस वाजवलंस. बाया रडल्या. पर माझा हात वर होता आन् आवाज लाकडाचा होता. मी हितं हाय का मेली, मला कळंना."

"मग काय करू या? तुम्हीच सांगा. चाल मोडून टाकू?"

"मोडतीस कशाला? सुनंला दे. गोड हाय, तिला शोभंल." त्यांनी मातीनं भरलेले हात झटकले. "मला माझी जुनी चाल वाजीव. काळी पाच."

"आक्का, काळी पाच तुम्हाला झेपायची नाही."

"झेपतं का न्हाई ते मी बघीन. तू तुझं बघ. मी वर गेले की भाता सोडायचा. बोट बी उचलायचं. आज्याबात मदतीला यायचं न्हाई."

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हणाले, "अहो, पण तुमचा सूर नाही आणि पेटीचाही नाही, तर बायका कशाच्या आधारानं उचलतील? ह्यांना पेटी सोडली की सूर घसरतो. मागं वीज गेली तेव्हा मी क्षणभर थांबले होते तर ह्या अर्धा सूर खाली जाऊन पोचल्या होत्या. धृपद फाटेल. सगळ्यांसमोर हसं होईल."

आक्कांनी पातीची जुडी बांधायला घेतली. मग म्हणाल्या, "व्हईल तर व्हईल. माझं व्हईल. तुझं न्हाई."

मी हरले. पात बांधून दिली त्यांनी, ती घेऊन घरी आले.

गुरुवारी सभामंडपात नेहमीपेक्षा गर्दी होती, कारण आक्का येणार हे गावात कळलं होतं. नवीन टॉवरमधल्या काही बायका आल्या होत्या, त्यांनी आक्कांना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. आक्का आल्या, सरळ पुढं जाऊन बसल्या. सून उठून मागं गेली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी होतं, पण ते मी वाचलं म्हणून खरं असेलच असं नाही. मी काळी पाच धरली. ढोलकीवाली बाई माझ्याकडं बघून डोळे मोठे करत होती, मी मान हलवली.

पहिलं कडवं कसंबसं गेलं. जिथं जिथं पंचमाच्या वर जायचं तिथं आक्कांचा आवाज तुटायचा, खरखरायचा, मधला एखादा शब्द नुसता ओठांवर दिसायचा. बायका धृपदाला जरा जास्तच जोर लावत होत्या, झाकायला. आक्कांनी मागं वळून नुसतं बघितलं. बायकांनी जोर कमी केला. दुसरं कडवंही तसंच. नवीन बायकांपैकी एक दुसरीच्या कानात काही बोलली. माझं सगळं शिक्षण मला सांगत होतं की हे थांबव, पट्टी उतरव, काहीतरी कर.

शेवटचं कडवं आलं. आक्का वर निघाल्या. मला त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. पंचम गेला, धैवताला आवाज फाटला, निषादाला संपला. ढोलकी थांबली. टाळ थांबले. त्यांचा हात वर गेला. मी बोटं उचलली आणि भाता सोडला.

काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे श्वास ऐकू येत होता, एक लांब, बारीक, चिकाटीचा श्वास, दुसरं काही नाही. बाहेर रस्त्यावर एक ट्रक गेला. हात वरच होता. पूर्वी जेवढा वेळ त्या तिथं थांबायच्या तेवढाच वेळ त्या थांबल्या, ना कमी ना जास्त. ते मला मोजावं लागलं नाही, माझ्या अंगालाच ते माहीत होतं. मला रडू यायला लागलं होतं, सांगून टाकते.

आक्कांनी हात खाली टाकला.

सगळ्या बायकांनी धृपद उचललं. पेटी नव्हती. मी भाता धरून घाईघाईनं काळी पाचचा सा दाबला, घसरल्या असतील तर सावरावं म्हणून. त्या घसरल्या नव्हत्या. एकीचाही सूर खाली आला नव्हता. उलट सगळ्या एका सुरात, पेटीच्या केसभर वर लागल्या होत्या.